खाणीवरचं रान

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी एका डोंगरमाथ्यावर काळ्या दगडांनी बांधलेलं एक नगर होतं. मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, ते नगर इतकं स्वच्छ होतं की पाहुणे चपला हातात घेऊन रस्त्याने चालत. रोज सकाळी बैलगाड्या येत, दारादारांतला केरकचरा उचलत आणि पश्चिमेच्या वेशीतून निघून जात. कुठे जात, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी प्रत्येक घर गाडीवानांना ओंजळभर ज्वारी देई. पणजोबांच्या काळापासून ती एकच ओंजळ चालत आली होती.

एका हिवाळ्यात गाडीवानांचा नाईक सटवाजी राजसभेत येऊन उभा राहिला.

"महाराज, आता एका ओंजळीत भागत नाही, दोन द्या," तो म्हणाला. "केर टाकतो ती जुनी खाण भरली. आता पलीकडच्या खाणीपर्यंत जावं लागतं आणि वाटेत मोठा चढ आहे. परवा तिथे गाडी मागे घसरली. बैल गेला, माझ्या भावाचा पाय मोडला. गाडीला आणखी एक बैलजोडी लावल्याशिवाय तो चढ चढवत नाही."

सभेत एकच गलका झाला. हिराशेट कापडवाले ताडकन उठले.

"आज दोन मागतात, उद्या चार मागतील! केर टाकायला एवढं लांब जायचंच कशाला? तटाबाहेर उतारावर ढकलून द्या की!"

"शेट, त्या उताराखाली आपलं प्यायच्या पाण्याचं तळं आहे," गोदाक्का म्हणाल्या. त्या सभेतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या.

मागून सूत कातणारी एक म्हातारी बोलली, "तळं नासवू नका रे बाबांनो. पण माझ्या घरून निघते मूठभर राख. मी दोन ओंजळी दिल्या तर खाऊ काय?"

राजाला दोन्ही बाजू पटत होत्या. शेवटी तो म्हणाला, "गोदाक्का, तुम्ही नीट बघून सांगा. तुम्ही ठरवाल तो दर."

"मग उद्या मी गाडीबरोबर जाते. हिराशेट, तुम्हीही चला."

"मी? कचऱ्याच्या गाडीबरोबर?"

"कापड न बघता कधी भाव केलात का?" गोदाक्कांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं सटवाजीच्या गाडीमागून निघाली. शेटनी उपरण्याने नाक दाबून धरलं होतं. बरंच चालल्यावर एक मोकळं मैदान लागलं. बायामाणसं ओळीने बसून कचरा निवडत होती. चिंध्यांचा ढीग कागद करणाऱ्यांसाठी, फुटक्या बांगड्या कासारासाठी, मोडकं लोखंड लोहारासाठी. उरलेला पालापाचोळा आणि खरकटं पलीकडच्या उंच ढिगांवर जात होतं. त्या ढिगांतून थंडीत पांढऱ्या वाफा वर चढत होत्या.

"आग लागली की काय!" शेट ओरडले.

"आग नाही, कुजतंय ते," सटवाजी म्हणाला. "याची माती झाली की खाणीत भरतो. हात घालून बघा."

गोदाक्कांनी हात घातला. आत ऊब होती, गाभण गाईच्या पोटासारखी. खालून मूठभर माती काढली, तर ती काळीभोर, भुसभुशीत, आणि वास पहिल्या नांगरटीचा. नकळत शेटनी नाकावरचं उपरणं खाली केलं.

मग सटवाजी त्यांना पुढे घेऊन गेला. समोर रान होतं. जांभळीची, उंबराची, रामफळाची झाडं. फांद्यांवर पोपटांचे थवे आणि झाडांखाली गार सावली.

"जुनी खाण कुठे आहे?" गोदाक्कांनी विचारलं.

"तुम्ही तिच्यावरच उभ्या आहात, अक्का. एकेक बाजू भरत गेली तसतशी झाडं आली, शेवटचा कोपरा यंदा भरला. आपला तट, देऊळ, घरं, सगळ्यांचा दगड इथूनच काढला. माझा आजा सांगायचा, काठावरून खाली बघितलं की डोळे फिरायचे."

गोदाक्कांनी पायाखाली पाहिलं. अख्खं नगर या खाणीच्या पोटातून बाहेर निघालं होतं, आणि नगराने पिढ्यान्‌पिढ्या टाकलेल्या केराने ते पोट पुन्हा भरून आलं होतं. वर रान उभं राहिलं होतं. कुणाला पत्ताही नव्हता.

शेटनी हळूच चपला काढल्या. "आमच्या आजोबांच्या घरचा केरही यात असेल," ते पुटपुटले.

"सगळ्यांचाच आहे," सटवाजी म्हणाला.

पुढच्या चढावर एक भरलेली गाडी अडली होती. बैल गुडघ्यावर आले होते. शेट धावले आणि त्यांनी चाकाला खांदा लावला. गाडी वर आल्यावर गोदाक्कांनी आत पाहिलं. पंगतीच्या पत्रावळी, झेंडूचे हार, न खाल्लेली पक्वान्नं.

"हे कुणाचं?"

"राजवाड्याचं. निम्म्या गाड्या तिथूनच भरतात. मैदानात मावत नाही, म्हणून थेट पलीकडच्या खाणीत न्यावं लागतं."

"आणि राजवाडा देतो काय?"

सटवाजीने मान खाली घातली. "मागायचा धीर झाला नाही, अक्का."

सभा भरली. गोदाक्का उभ्या राहिल्या. "महाराज, मागणी रास्त आहे. पण सगळ्यांना एकच माप नको. ज्याची टोपली मोठी, त्याने जास्त द्यावं. जो निवडून देईल, त्याला सूट द्यावी. या म्हातारीकडून चिमूटभर पुरे." त्या क्षणभर थांबल्या. "आणि सगळ्यांत जास्त राजवाड्याने द्यावं. आजवर त्याने काहीच दिलेलं नाही."

राजाचा चेहरा लाल झाला. मग तो म्हणाला, "केर जातो तिथे मला घेऊन चला."

राजा त्या रानात पायी गेला. खूप वेळ झाडांकडे बघत उभा राहिला. मग सटवाजीसमोर येऊन त्याने हात जोडले. "मी राज्य वाढवलं असं भाट गातात. मी तर दुसऱ्यांची जमीन घेतली. तुम्ही नव्हती ती जमीन केलीत."

त्या आठवड्यापासून राजवाड्याच्या कोठारातून गाडीवानांकडे पोती जाऊ लागली. गाड्यांना दुसरी बैलजोडी लागली. हिराशेट आपल्या दुकानातल्या चिंध्या स्वतः वेगळ्या बांधून ठेवू लागले. आणि गंमत अशी, की टाकण्याचा भाव भरावा लागताच राजवाड्याच्या पंगतीत ताटात हवं तेवढंच वाढलं जाऊ लागलं.

तात्पर्य: जो जितकं टाकतो, त्याने ते उचलणाऱ्याच्या कष्टांचा तितका मोबदला आदराने द्यावा.