बाहेर जाणारी पावलं

"ही बाई माझ्या घरातली नाही!" रंगोबाशेट भर दरबारात गरजले. "मी हिला ओळखतसुद्धा नाही!"

येसू शेजारीच उभी होती. गेली नऊ वर्षं ती रंगोबाशेटच्या अंघोळीचं पाणी तापवत होती. आज सकाळीही तिनेच काढून दिलं होतं. 

प्रकरण असं होतं. नगरशेट निवडायचा होता आणि पगडीसाठी तिघे उभे होते: रंगोबाशेट, हरबाशेट आणि चिंतोपंत. राजे प्रतापभान यांचा नियम कडक. परमुलखातून आलेल्या नोकराकडे वेशीच्या नाक्यावरचा शिक्का मारलेला कागद हवा. मालकाने स्वतः नाक्यावर येऊन सांगितलं तरच तो मिळे, आणि एकदा मिळाला की नोकराला आठवड्याला एक सुट्टी द्यावी लागे. त्यामुळे मालक मंडळींना नाक्याची वाट काही सापडत नसे. पण ज्याच्या घरी बिनशिक्क्याचा नोकर निघेल त्याला पगडी नाही, आणि नोकराला सूर्यास्ताआधी वेशीबाहेर काढायचं! हरबाशेटनी चुगली केली, आणि शिपायांनी येसूला रंगोबाशेटच्या परसातून उचलून आणलं.

"माझ्या घरी केरसुणीसुद्धा मीच धरतो, महाराज!" हरबाशेट म्हणाले.

"आणि आमच्याकडे सगळं आमची मंडळीच करतात," चिंतोपंतांनी घाईघाईने जोडलं.

राजे खूश झाले. "म्हणजे माझ्या अख्ख्या नगरात बिनशिक्क्याची तू एकटीच! काढा हिला बाहेर."

 डोंगरापलीकडच्या खोऱ्यातलं येसूचं घर पुराने नेलं होतं. परत जायला उंबरा म्हणून उरला नव्हता.

"एकटी?" ती म्हणाली. "नाही, महाराज. पुष्कळ आहेत."

राजांना खोटं पाडलेलं आवडत नसे. "असं? मग दाखव! पण कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, कुणाला एक शब्द विचारायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. उद्या दुपारपर्यंत मुदत. नाही जमलं तर वेस!"

दरबार हसला. न विचारता, न शिरता, कोण सांगणार?

"दाखवते," येसू म्हणाली. "पण महाराज, जो निवाडा माझा, तोच त्या सगळ्यांचा. घर कुणाचंही असो."

"घर कुणाचंही असो. राजाचा शब्द!"

आपल्याच खोऱ्यातल्या बायांना उघडं पाडणं येसूला सोपं नव्हतं. पण तिच्या मनात एक दार होतं, आणि सगळी भिस्त त्या दारावर होती.

सकाळी सडे पडले, रांगोळ्या झाल्या, आणि येसू राजांना घेऊन रस्त्यावर निघाली. मागे तिन्ही उमेदवार. हरबाशेटच्या दारात ती थांबली. "इथे एक."

"थापा!" हरबाशेट ओरडले.

"रांगोळी बघा, महाराज. ही आत जाणारी पावलं लक्ष्मीची. ती सगळेच काढतात. आणि ही त्यांच्याशेजारची इवलीशी, बाहेर जाणारी?"

राजे वाकले. खरंच, बोटभर लांबीची दोन पावलं उंबऱ्याकडून रस्त्याकडे निघाली होती.

"ती फक्त आमच्या खोऱ्यातल्या बाया काढतात. कामासाठी घर सोडलेलं माणूस सुखरूप परत यावं म्हणून."

"रांगोळी आमची मंडळी काढतात!" हरबाशेट म्हणाले.

"बोलवा त्यांना," राजे म्हणाले. शेटाणीबाई आल्या. त्यांनी रांगोळीची चिमूट उचलली आणि आमटीत मीठ घालावं तशी दारात टाकली. तो ढीग बघून राजे हरबाशेटकडे वळले.

"आणि शेट, केरसुणी तुम्हीच धरता ना? रोज उंबरा झाडताना ही पावलं कधी दिसली नाहीत?"

हरबाशेटना खोकला आला.

चिंतोपंतांच्या दारात दोन जोड्या निघाल्या. रंगोबाशेटच्या दारात आज रांगोळीच नव्हती. "काढणारी तुमच्यासोबत फिरतेय, महाराज," येसू म्हणाली. दुपार होईतो एकेचाळीस दारं झाली.

"बास! सगळ्यांना वेशीबाहेर!" राजे म्हणाले.

"अजून एक दार राहिलं, महाराज."

ते दार फार मोठं होतं. दोन्ही बाजूंना भालदार होते. मधोमध वीतभर कमळ, शेजारी लक्ष्मीची पावलं, आणि त्यांना लागून बाहेर निघालेली इवलीशी दोन.

भालदार आकाशाकडे बघू लागले. ही पावलं राजे रोज तुडवून जात होते. ते वळून तिन्ही उमेदवारांकडे पाहू लागले. तिघेही जमिनीकडे बघत होते.

"मी शब्द दिलाय," राजे सावकाश म्हणाले. "म्हणजे आता मीसुद्धा..."

"महाराजांना गादीसाठी कुठे उभं राहायचंय? पगडीचा नियम उमेदवारांना," येसू म्हणाली. राजांचा जीव भांड्यात पडला. "राहिला निवाडा. बिनशिक्क्याचं माणूस सूर्यास्तानंतर नगरात नको, एवढंच ना? सूर्यास्ताला वेळ आहे. एवढी माणसं वेशीकडे न्यायची, की शिक्का वेशीवरून इकडे आणायचा? शिक्का हलका आहे, महाराज."

राजांच्या मिशा हलल्या. "आणा शिक्का! पण तिघेही उमेदवार बाद झाले. आता पगडी कुणाला देऊ? बिनशिक्क्याचा नोकर नसलेलं एक तरी घर आहे का या नगरात?"

"आहे ना. माझी खोली. तिथे केर काढायलासुद्धा कुणी नसतं. मी दिवसभर रंगोबाशेटकडे असते."

राजे इतके हसले की भालदारांनी त्यांना दोन्हीकडून धरलं. "पगडी हिला!"

"घेते, महाराज. आठवड्याची सुट्टी धरून."

येसूच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी रंगोबाशेट स्वतः उंबऱ्यापाशी बसले आणि त्यांनी पावलं काढली. ती आत चालली होती की बाहेर, हे पाहायला नव्या नगरशेटबाई मुद्दाम येऊन गेल्या. त्यांनाही कळलं नाही.