आडवा हात

“मुलीनं नको म्हटलं की थांबायचं? मग मी शिकले कशाला, स्वामी?”

स्वामी मठाच्या ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठच्या त्या मठात स्वामींनी न बोलणाऱ्या मुलांसाठी दोन खोल्या उघडल्या होत्या. वैजयंती वर्तनोपचाराचं रीतसर शिक्षण घेऊन पुण्याहून तिथे आली होती. हुशार होती, आणि ते तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

“रेवा नको म्हणते?” स्वामींनी विचारलं.

“म्हणते कुठली! पाच वर्षांची झाली, एक शब्द नाही. हात झटकते, तोंड फिरवते. हट्ट नुसता. पण मी सोडत नाही. हात धरून नमस्कार करायला लावते आणि मग चुरमुरे देते. आता बघा, दिसेल त्याला नमस्कार करते.”

“बळजबरीचा रामराम,” स्वामी पुटपुटले.

वैजयंतीला ते झोंबलं. पण उत्तर द्यायला सवड मिळाली नाही. फाटकाशी रेवाची आई, शेवंता, लेकीला कडेवर घेऊन उभी होती. रेवाने फाटकाचा गज घट्ट धरला होता.

“मॅडम, गल्लीच्या तोंडाला आलं की पोरगी रडाय लागतीया,” शेवंता म्हणाली. “आज कशीबशी आणली. उद्यापास्नं न्हाई आणत. माझ्यानं बघवत न्हाई.”

ही मुलगी शिकेल अशी वैजयंतीची मनापासून खात्री होती. ती आलीच नाही तर शिकवायचं कुणाला?

“उद्याचं उद्या बघू,” स्वामी म्हणाले. “आज दोघी जेवून जा.”

त्या दिवशी मठात खपली गव्हाची खीर होती. पंगत बसली. वाढायला स्वामी स्वतः. त्यांचा आग्रह पंचक्रोशीत प्रसिद्ध होता, आणि त्यातून सुटायची रीतही लहानथोरांना माहीत होती. पानावर हात आडवा धरायचा, की वाढणारा पुढे सरकतो.

वैजयंतीची दोनदा खीर घेऊन झाली होती. स्वामी तिसऱ्यांदा आले. तिने पानावर हात आडवा धरला.

स्वामींनी डाव भरला आणि त्या हातावरच ओतला.

कोमट खीर बोटांमधून ओघळली.

“स्वामी! अहो, नको म्हणत होते ना मी!”

“कधी? मला तर काही ऐकू आलं नाही.”

“हात आडवा धरला होता की! दिसला नाही तुम्हाला?”

“दिसला,” स्वामी म्हणाले. “मला वाटलं, हट्ट आहे नुसता.”

कुणीतरी फिसकन हसलं. वैजयंती मात्र हसली नाही. तिला रडूच कोसळायच्या बेतात होतं, आणि ते खिरीपायी नव्हतं. पलीकडे रेवा आईच्या मांडीवर बसून, मान तिरकी करून, तिच्या बरबटलेल्या हाताकडे पाहत होती.

जेवणं झाली. वैजयंतीने हात धुतला आणि खोलीची दोन्ही दारं सताड उघडून ठेवली. मग ती उंबऱ्याबाहेर, पायरीवर जाऊन बसली. रेवा आईच्या पदराआड होती.

वैजयंतीने रंगीत ठोकळ्यांचा डबा पुढे सरकवला. रेवाने तो हाताने मागे लोटला.

“नको? बरं.” वैजयंतीने डबा पाठीमागे ठेवला.

रेवा थबकली. असं आजवर झालं नव्हतं.

थोड्या वेळाने वैजयंतीने डबा पुन्हा दाखवला. रेवाने पुन्हा लोटला. डबा पुन्हा पाठीमागे गेला. रेवाने एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं, एकदा वैजयंतीकडे. तिसऱ्या खेपेला तर तिने डबा हसत हसत लोटला. आपला हात हलला की एवढी मोठी बाई ऐकते, ही गंमत तिला भलतीच आवडली होती.

बराच वेळ हेच चाललं. शेवंता खांबाला टेकून डोळे पुसत होती, आणि हसतही होती.

मग रेवा पदर सोडून निघाली. वैजयंतीला वळसा घालून पाठीमागे गेली, डबा उचलला आणि उंबरा ओलांडून आपणहून खोलीत जाऊन बसली. वैजयंती जागची हलली नाही. तेव्हा रेवाने आतून डबा खडखड वाजवला आणि तिच्याकडे पाहिलं.

“उद्या आणती, मॅडम,” शेवंता हळूच म्हणाली.

संध्याकाळी वैजयंती ओसरीवर आली. मन अगदी भरून आलं होतं तिचं. “स्वामी, आज मी तिला काहीसुद्धा शिकवलं नाही. तरी आत आली!”

स्वामींनी सरकून तिला शेजारी जागा करून दिली.

“आता नाही ना नको म्हणायची ती? आता रोज राजीखुशीनं बसेल ना?”

“ज्या दिवशी ती नको म्हणायची थांबेल ना,” स्वामी उठता उठता म्हणाले, “त्या दिवशी मला तातडीनं बोलावून घे.”