सात हाका आणि आठवी

पूर्वी एका नगरात यशकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व डोंगरातल्या पाथरवटांच्या कुळात जन्मला आणि मोठेपणी त्यांचा नायक झाला. या पाथरवटांची एक रीत होती. खाणीचा कडा घराघरांत वाटलेला होता आणि दुसऱ्याच्या वाट्यात पहार घालणारा चोर ठरे. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचं बरं चाललं होतं, म्हणून ही रीत कुणाला खुपली नाही.

एका सकाळी कडा कोसळला. आठ जण आत अडकले. झालं! जो तो आपापल्या वाट्याकडे धावला आणि आपलं माणूस इथंच असणार म्हणून खणू लागला. एकाने उपसलेले दगड दुसऱ्याच्या खड्ड्यात घरंगळत होते. अशा वेळी माणसाची अक्कल कुठे चरायला जाते, कोण जाणे! दुपार झाली तरी एकही जण हाती लागला नाही.

शेवटी बोधिसत्त्वाने ओरडून सगळ्यांना थांबवलं आणि खडकाला कान लावला. सात जण एका घराच्या वाट्यातल्या पाण्याच्या टाक्याजवळून हाका मारीत होते. कडा हलताच ते तिकडे पळाले असावेत. आठवी हाक बोधिसत्त्वाच्याच वाट्यातून येत होती. ती त्याच्या मुलाची, पुण्णकाची होती.

"सात जण टाक्याजवळ आहेत," तो म्हणाला. "दोन्हीकडे खणायला आपण पुरायचो नाही. सगळे आधी तिथं चला."

मल्लक नावाचा पाथरवट उसळला. "माझा भाऊ दुसऱ्याच्या वाट्यात पाऊलसुद्धा टाकणार नाही! आणि आम्ही तिकडे घाम गाळायचा, तू मात्र पोराकडे जाणार. सांगायला काय जातं?"

बोधिसत्त्वाने पहार उचलली. स्वतःच्या वाट्यावरून तो पुढे गेला आणि टाक्याजवळ पहिला घाव घातला. त्याची बायको सोणा धावत आली. "अहो, तो बाबा बाबा म्हणून ओरडतोय!"

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला. तो रडत होता, पण हात थांबला नाही.

ते पाहून मल्लकाने शेजारी आपली पहार लावली. मग सगळेच आले. दिवस मावळताना सातही जण जिवंत बाहेर निघाले. मल्लकाचा भाऊ त्यांतच होता.

कुणाला सांगावं लागलं नाही. सगळे पुण्णकाकडे धावले, आत्ताच सुटलेले सातही. शिळा हटली तेव्हा पुण्णक गेलेला होता. अंग अजून कोमट होतं.

मल्लकाने पुण्णकाच्या अंगावरची माती झटकली. "नायका, सकाळीच आम्ही एका जागी आलो असतो, तर हा वाचला असता का रे?"

"वाचला असता," बोधिसत्त्व म्हणाला. खोटं बोलून धीर देणं त्याला जमत नव्हतं.

हे सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा मल्लक तो आजचा आनंद. सोणा ती राहुलमाता. पुण्णक तो हा समोर बसलेला राहुल, आणि नायक मी होतो. ज्याने इतके हात एक झाले, त्या देण्याला दानपारमिता, म्हणजे दानाची पराकाष्ठा, म्हणतात. ती साधताना काळीज फाटत नाही, असं मात्र समजू नका."