देवाच्या तोंडची बासरी

त्या वर्षीचा चातुर्मास श्रीकेवळनाथ महाराजांनी कासारडोह गावी, मुरलीधराच्या देवळात केला. गोपाळकाल्याच्या दिवशी देवाच्या हाती नवी बासरी द्यायची, अशी तिथली रीत होती. ती सटवाजी बुरुडाच्या घरातूनच येई. देवळाचे वादक अच्युतबुवा आधी तिच्यावर एक अभंग वाजवीत, मग ती देवाच्या हाती जाई आणि हंडी फुटे. सटवाजीच्या घराला गावात हा एवढाच मान होता.

काल्याच्या आधी एका सकाळी बुवा बुरूडआळीतून चालले होते. सटवाजी अंगणात बसून तापल्या सळईने वेळूला भोके पाडत होता. एक भोक पाडायचे, फुंकून ऐकायचे, किंचित मोठे करायचे, पुन्हा फुंकायचे, असे त्याचे काम चालले होते.

बुवा थबकले. "सटव्या, ही देवाची का रे?"

"व्हय जी."

"आणि तू तिला तोंड लावतोस?"

सटवाजी हसला. "तोंड लावल्याबिगर सूर कसा कळंल, बुवा?"

"म्हणजे तुझं उष्टं देवाच्या हाती आणि माझ्या ओठाला! दिवसभर तंबाखू थुंकणारं तोंड ते. लाज नाही वाटत? या खेपेला तोंड न लावता कर. जमत नसेल तर सांग, दुसरीकडून आणवतो."

आळीतल्या बायका ऐकत होत्या. सटवाजीला खरोखरच लाज वाटली. इतकी वर्षे आपण देवाला उष्टे दिले, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने तोंडाला फडके बांधले आणि नुसत्या अंदाजाने उरलेली भोके पाडली.

काल्याला सारा गाव जमला. बुवांनी बासरी ओठाला लावली. पहिला सूर फाटला, दुसरा भलतीकडेच गेला.

"बुवा, कढत दूध फुंकताय का?" मागून कुणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

बुवांचा चेहरा काळवंडला. "या बुरुडानं मुद्दाम बिघडवली! माझ्यावर डूख धरून!"

"सटवाजी, खरं काय ते बोल," पाटील म्हणाले.

बुवांचे नाव घेतले असते तर सटवाजी तिथेच सुटला असता. पण मान खाली घालून तो एवढेच म्हणाला, "माझ्या हातनं चूक झाली, मालक."

"मग पुढल्या सालापासून तुझ्या घरची बासरी नको."

सटवाजीच्या बायकोने पदरात तोंड लपवले. तेव्हा ओट्यावर बसलेले महाराज म्हणाले, "पाटील, ज्याची बासरी आहे त्यानं अजून कुठं पाहिली? मुरलीधराच्या हाती द्या आणि पडदा ओढा."

पुजाऱ्याने तसे केले आणि तो बाहेर आला. गाभाऱ्यात कोणी उरले नाही.

थोड्या वेळाने पडद्याआडून एक सूर निघाला आणि थांबला. पुन्हा तोच आला, या वेळी जरासा चढा. मग पुढचा. कुणीतरी एकेक भोक फुंकून, ऐकून, जुळवून घेत होते. शेवटी साऱ्या सुरांवरून एक स्वच्छ लकेर फिरली. केवढी ही भक्तवत्सलता! आपल्या बुरुडाचे राहिलेले काम देव स्वतः पुरे करीत होता.

"देवा, तू कशाला रं तोंड लावलंस?" म्हणत सटवाजी हुंदके देऊ लागला.

महाराजांनी पडदा सारला आणि देवाच्या हातची बासरी घेतली. फुंकर घालायच्या भोकाची कड ओली होती.

महाराज म्हणाले, "बुवा, घ्या. सूर जुळवायला त्यालाही तोंड लावावं लागलं. पुसून देऊ का?"

बुवांचा हात पुढे होईना. आजवर मिळवलेली प्रत्येक वाहवा सटवाजीने फुंकून जुळवलेल्या बासरीवरची होती, हे त्यांना आता उमगले.

"महाराज, मीच त्याला तोंड लावू दिलं नाही. आणि मघाशी सगळ्यांदेखत त्यालाच गुन्हेगार केलं."

पाटलांनी नजर खाली वळवली.

"हे मला काय सांगता?" महाराज म्हणाले. "तो तिथं उभा आहे."

सटवाजी पायऱ्यांच्या खाली, दरसाल उभा राही तिथेच उभा होता. बुवांनी महाराजांच्या हातून बासरी घेतली आणि ते खाली उतरले.

"सटवाजी, आधी तू वाजव. मग मी."

"नगं बुवा, माझं उष्टं..."

"तेच हवंय मला," बुवा म्हणाले. त्यांनी बासरी त्याच्या हातात दिली आणि साऱ्या गावादेखत त्याच्या पायांवर डोके ठेवले.