मंगळाला दिलेली लेक

एक होता राजा. त्याला पृथ्वी पुरेना. डोंगर झाले, समुद्र झाले, बेटे झाली; तरी याचे मन भरेना. मग त्याची दृष्टी गेली आकाशात. तिथे मंगळ तांबडा तेवत होता. राजा म्हणाला, "तिथे माझे नगर वसले पाहिजे." मग त्याने एक आकाशनौका बांधवली. मोठी देखणी नौका, बरं का. परंतु तिच्या पंखांत जाण्यापुरतेच बळ होते, परतण्याचे नव्हते. जो गेला तो गेलाच.

आता नगर म्हटले की माणसे हवीत. माणसांना पाणी हवे, आणि पाणी साठवायला भांडी हवीत. मंगळावर तर मातीच माती. म्हणून राजदूत कुंभार शोधत निघाला आणि आला सगुणेच्या गावी.

सगुणा त्या गावची कुंभारीण. हिने चाकाशीच लग्न लावले आहे, असे गाव चेष्टेने म्हणे. तिच्या घरी आई, धाकटा भाऊ येसाजी आणि दिवस भरत आलेली वहिनी.

या गावची एक रीत होती, बरं का. गाव डोंगराच्या बेचक्यात, जमीन टीचभर. म्हणून पूर्वजांनी गावातली नावे ठरवून टाकली होती. जमीन जितक्यांना पोसेल तितकीच नावे. कुणी वारले किंवा गाव सोडून गेले की त्याचे नाव मोकळे होई, आणि ते पुढच्या बाळाला मिळे. नाव मिळाले की ताट मिळाले. नाव नसेल त्या लेकराला बारशानंतर डोंगरापलीकडे देऊन टाकायचे आणि पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही. रीत निर्दय होती. पण गावात उपाशी कुणी निजत नव्हते, हेही खरेच.

राजदूत सगुणेला म्हणाला, "बाई, येता का? तिथल्या मातीला अजून एकाही माणसाचा हात लागलेला नाही."

हे ऐकताच सगुणेची बोटे शिवशिवली. ती म्हणाली, "विचारून सांगते."

मग ती गेली आईकडे. "आई, जाऊ का राहू?"

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. "मला नको विचारूस गं. जा म्हटलं, तर म्हणशील आईला जड झाले. राहा म्हटलं, तर म्हणशील आईने बांधून घातलं."

मग ती गेली भावाकडे. येसाजी म्हणाला, "जा की, आक्का! तिथे तुझ्या माठावर टिचकी मारून 'कच्चा दिसतो गं' म्हणणारी एकसुद्धा म्हातारी नाही."

"आणि बाळाच्या कानात नाव कोण सांगेल? एकुलती एक आत्या मी."

"तेवढं बारसं करून जा. ठकूआजी गेली, तिचं नाव मोकळं आहे. काळजीच मिटली."

मग तिने विचारले चांदोबाला. भर दुपारी तो फिकट होऊन भट्टीवर आला होता. चांदोबा म्हणाला, "पोरी, मीही या मातीचाच. एकदा रुसून घराबाहेर पडलो. दूर जाववेना, जवळ येववेना. तेव्हापासून फेऱ्या घालतो आहे. तुमच्या चुली दिसतात इथून. ऊब मात्र पोहोचत नाही."

सगुणेने चिखलाचे हात धुतले आणि ती स्वतःशीच म्हणाली, "नाही जायचं."

आकाशनौका उभी होती ती दूरच्या माळावर. सगुणा तिथवर चालत गेली आणि राजदूताला तोंडावर 'नाही' सांगून आली. तो हसून म्हणाला, "अमावास्येपर्यंत तुमची जागा ठेवतो. मने पालटतात." सगुणा म्हणाली, "माझं नाही पालटायचं." येताना ती वाटेत गुणगुणत होती. पावसाळ्याआधी भट्टी लिंपायची, ओढ्याकाठची माती काढून ठेवायची. पुढच्या सगळ्या वर्षांची कामे तिला एकाएकी आवडू लागली होती.

पण वाट फार लांबची, बरं का. ती परतली तेव्हा वहिनी बाळंत झाली होती आणि बारशाचा दिवस उजाडला होता. ओटीवर पाळणे टांगले होते दोन.

नाव होते एकच, आणि मुली झाल्या होत्या जुळ्या.

थोरलीच्या कानात सगुणेने 'ठकू' असे सांगितले. बायकांनी पाळणा म्हटला. मग दुसऱ्या पाळण्यापाशी येऊन सगळ्या सगुणेकडे बघू लागल्या.

"हिचं नाव काय?" सगुणेने विचारले.

येसाजी खाली बघत म्हणाला, "आक्का, तू जाते म्हणालीस ना?"

"म्हणाले नव्हते. विचारत होते."

"आम्हांला वाटलं, तेच ते."

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिथूनच तिने नवऱ्याला विचारले, "डोंगरापलीकडच्या माणसाला निरोप गेला का हो?"

सगुणा आईकडे वळली. "आई, आता तरी सांग. जाऊ का राहू?"

आई म्हणाली, "काय सांगायचं ते बाळाच्या कानात सांग. पाळणा खोळंबलाय."

मग सगुणा वाकली. तिला वाटले, हिला दिली तर हिला घर आठवणारसुद्धा नाही; मी गेले तर मला ते जन्मभर आठवेल. हा विचार खरा होता, म्हणूनच तिला त्याची लाज वाटली. ती बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "सगुणा."

बायकांनी 'कुर्रर्र' केले. वहिनी भिंतीकडून वळली आणि ढसाढसा रडली. घुगऱ्या वाटल्या गेल्या. पाने मांडली गेली. सगुणा सवयीने आपल्या जागेकडे निघाली, तेव्हा आई लगबगीने पुढे आली आणि तिने एक पाट बाजूला मांडला.

"बसा, पाहुणीबाई," आई म्हणाली. "जेवून निघा. लांबचा प्रवास आहे तुम्हांला."

ती बसली. आईच्या हातचे होते, म्हणून तिने पानात काही टाकले नाही. मग ती उठली आणि माळाच्या वाटेला लागली. वेशीपर्यंत पोचवायला कुणी गेले नाही. पाहुण्यांना दारापर्यंतच पोचवायची गावची रीत.

मग काय झाले? राजाचे नगर वसले, राजा सुखी झाला. ठकू आणि सगुणा एकमेकींच्या वेण्या ओढत वाढल्या, त्याही सुखी झाल्या. गावात कुणी उपाशी राहिले नाही. आणि ती? तिने तांबड्या मातीचे माठ घडवले, लोक त्यांतले पाणी प्यायले, आणि तीही सुखी झाली. असे म्हणायचे असते, म्हणून म्हणते. तसे नव्हते, हे सांगायला ती थोडीच परत येणार आहे?

चला, पांघरुणे ओढा. डोळे मिटा पाहू.