रांजणात साठवलेला सूर

चिंचटाकळी हे गाव नदीच्या वळणावर वसलेले. उंबरे तीनशे, विठ्ठलाचे देऊळ एक आणि गाण्यातले जाणकार साडेतीनशे. अशा या गावात श्रीयेसोबा महाराज एका दुपारी आले आणि देवळामागच्या चिंचेखाली बसले. गावकऱ्यांनी हात जोडून विचारले, "महाराज, मुक्काम किती दिवस?"

महाराज म्हणाले, "चिंचेला विचारून सांगतो."

चिंच काही बोलली नाही. म्हणून महाराज तिथेच राहिले.

महाराजांचा संसार म्हणजे एक घोंगडी आणि कुंभाराने तडा गेला म्हणून टाकून दिलेला एक रांजण. त्यात पाणी राहत नसे. तरी महाराज रोज तो पुसत आणि त्यावर लाकडी झाकण ठेवत. आत काय आहे, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. साडेतीनशे जाणकारांनी मात्र आपापले अंदाज बांधून ठेवले होते.

याच गावात लिंबाजी नावाचा एक राखण्या होता. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर उभे राहून पाखरे हाकलायची, हा त्याचा पिढीजात धंदा. बाकीचे राखणे गोफण वापरत. लिंबाजीला गोफण लागत नसे. त्याने एकदा "हाऽऽऽ" म्हटले की पाखरे दोन शिवारे ओलांडून जात. एकदा तर त्याची हाळी ऐकून पलीकडच्या गावाची वरात नवरदेवासकट माघारी फिरली होती. ते लग्न पुढे वेगळ्या रस्त्याने झाले.

असा गळा, आणि त्या गळ्याच्या धन्याला भजनाचे वेड! देवाची लीला देवच जाणे.

चिंचटाकळीच्या भजनी मंडळाचे प्रमुख होते श्रीपतबुवा. गळा गोड, तयारी मोठी, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना पक्क्या ठाऊक. भर उन्हाळ्यातही ते गळ्याला मफलर गुंडाळत. लिंबाजी पहिल्यांदा मंडळात बसला आणि त्याने तोंड उघडले, तेव्हा समईच्या दोन वाती विझल्या. बुवांनी टाळ थांबवला, खिशातून एक अख्खी सुपारी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"लिंबाजी, ही गालात धर."

"चघळू व्हय, बुवा?"

"चघळू नकोस, बोलू नकोस, गाऊ नकोस. टाळ वाजव आणि देवाला सुखानं राहू दे."

मंडळ खदखदून हसले. लिंबाजीही थोडा हसला आणि त्याने सुपारी गालात धरली. तेव्हापासून दर भजनाला बुवा त्याला सुपारी देत. तो मिटल्या तोंडाने आतल्या आत गुणगुणत असे. बाहेर कोणाला काही ऐकू येत नसे, त्यामुळे कोणाची तक्रारही नव्हती.

पण लिंबाजीच्या जिवाला स्वस्थता नव्हती, आणि त्याला कारण होते.

अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको गिरजा तापाने फणफणली होती. वैद्याने मान हलवली, तेव्हा लिंबाजी देवळात धावला आणि नवस बोलला, "पांडुरंगा, गिरजा वाचू दे. माघाच्या सप्ताहात वीणा घेऊन तुझ्यापुढं एक पहारा गाईन." चौथ्या दिवशी गिरजा उठून बसली आणि तिने भाकरी मागितली. देवाने आपले काम चोख केले. लिंबाजीचे मात्र अडले.

कारण सप्ताहाचा नियम कडक. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि नाम क्षणभरही तुटू द्यायचे नाही. पहाऱ्यामागून पहारा, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. ज्याला वीणा घ्यायची त्याने सातही दिवस उपास धरायचा. लिंबाजी दरवर्षी उपास धरायचा, दरवर्षी बुवांपुढे उभा राहायचा, आणि दरवर्षी त्याच्या हातावर सुपारी पडायची.

त्यामुळे घरात गिरजा नुसती शिंकली तरी हा दचकून उठे.

"काय झालं गं? ताप आला का?"

"मिरच्या कांडतेय नव्हं मी!"

"तरी पण, अंग बघू."

"बघा. अकरा वर्सं बघताय. उद्या देवानं न्यायचंच म्हटलं तर ह्या धास्तीनंच नेईल."

शेवटी एके दिवशी तो महाराजांच्या पायांशी जाऊन पडला. सगळे सांगून झाल्यावर म्हणाला, "महाराज, मला गळा द्या. माघाला चारच महिने उरलेत."

महाराजांनी त्याला आडवे पडायला सांगितले आणि त्याच्या पोटावर वरवंटा ठेवला. "श्वास असा घे की वरवंटा वर जाईल. छाती हलली नाही पाहिजे."

"आणि गाणं?"

"वरवंटा गायला लागला की सांगतो."

दोन महिने लिंबाजी वरवंट्याखाली होता. तिसऱ्या महिन्यात महाराजांनी रांजणावरचे झाकण काढले. "रोज पहाटे ये. यात तोंड घाल आणि खालच्या 'सा'वर 'रामकृष्णहरी' म्हण. एकच सूर. मानेच्या शिरा ताणायच्या नाहीत. झालं की झाकण लाव, सांडायला नको."

लिंबाजीने रांजणात तोंड घातले. आतून जो आवाज परत आला तो ऐकून तो दोन पावले मागे सरला.

"महाराज, आत कुणीतरी हाय!"

"तूच आहेस. आता ओळख झाली, ते बरं झालं."

तो माघ गेला. पुढचाही गेला. लिंबाजीची घालमेल काही थांबेना. रोज झाकण लावले की तो विचारी, "झालं का महाराज?" महाराज म्हणत, "सूर अजून उभाच आहे. बसू दे त्याला." दुसऱ्या वर्षी महाराजांनी त्याला विहिरीवर नेले. "बादली ओढ. दोराला झटका बसला की पाणी हिंदकळतं, बघ. आता तसाच खालच्या सुरावरून वरच्या सुरावर जा, पाणी न सांडता." तिसऱ्या वर्षी महाराजांनी एवढेच सांगितले, "तू अजून पाखरं हाकलल्यासारखा गातोस. एकदा त्यांना बोलावून बघ."

आपल्यात काही फरक पडतो आहे, असे लिंबाजीला कधीच वाटले नाही. रोज स्वतःचेच नख बघणाऱ्याला ते वाढताना दिसत नाही, तशातली गत. इकडे बुवा देवळाच्या पायरीवरून म्हणत, "रांजणात गातोय म्हणे! पुढच्या वर्षी घागर, त्याच्या पुढच्या वर्षी तांब्या. म्हातारपणी फुलपात्रापर्यंत येईल." त्यावर साडेतीनशे जाणकार हसत.

तो तिसरा माघ उजाडला. सप्ताहाचे सहा दिवस बिनबोभाट पार पडले. सातव्या दिवशी काल्याला शेजारच्या गावाचे मंडळ येणार होते. त्यांच्यापुढे आपले गळे लखलखीत असावेत म्हणून बुवांनी सहाव्या दिवशी संध्याकाळी काढा उकळला. ज्येष्ठमधाच्या वाळल्या काड्या त्यांनी स्वतः फडताळातून काढल्या. दुसऱ्याच्या हाताचा काढा त्यांना चालत नसे. मंडळातल्या अठरा जणांना पेला पेला मिळाला. लिंबाजीने पेला पुढे केला, तेव्हा बुवा म्हणाले, "तुला कशाला? सुपारी धरायला गळा लागत नाही."

त्या काड्या ज्येष्ठमधाच्या नव्हत्या. त्या रानसुरणाच्या वाळवलेल्या फोडी होत्या.

पहाटेपासून एकेकाचा गळा खाजू लागला. मग सुजला. मग मिटला. चिंच खाऊन पाहिली, ताक पिऊन पाहिले, पण गळे काही उघडेनात. सकाळ वर चढली तेव्हा अठरातले सतरा जण खुणांनी बोलत होते. वीणा बुवांच्या खांद्यावर होती आणि त्यांच्या तोंडून नाम निघत होते ते पिचक्या पिपाणीसारखे. काल्याला अजून एक पहारा बाकी. वर्षानुवर्षे न तुटलेले नाम आता तुटणार, हे सगळ्या गावाला कळून चुकले. उपास धरलेला एकच गळा शाबूत होता, आणि त्या गळ्याच्या गालात सुपारी होती.

लिंबाजी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होता. त्याने महाराजांकडे पाहिले.

महाराज म्हणाले, "माझ्याकडे काय बघतोस? नवस मी बोललो होतो का?"

लिंबाजी पुढे झाला. त्याने गालातली सुपारी काढली, इकडेतिकडे पाहिले आणि ती बुवांच्याच हातावर ठेवली. "जरा धरा, बुवा." बुवांना नाही म्हणायचे होते, पण नाही म्हणायलाही गळा लागतो. त्यांनी वीणा दिली.

लिंबाजीने डोळे मिटले आणि 'सा' लावला. रामकृष्णहरी! आवाज आला तो गोड नव्हता, पण भरदार होता. नव्या घराच्या तुळईसारखा. लोक चपापले. एकाने दुसऱ्याला विचारले, "कोण गातंय?" कारण ओठ लिंबाजीचे हलत होते आणि आवाज कोणा भल्या माणसाचा वाटत होता.

अर्धा पहारा असा गेला. आणि गर्दीतून, धुपाचा लोट नाकात गेल्यामुळे, गिरजा शिंकली.

झाले! लिंबाजीचे डोळे खाडकन उघडले. तेरा वर्षांची भीती एका क्षणात घशाशी आली. त्याने तोंड उघडले, पण आवाज येईना. छाती नुसती धपापत होती. लोकांच्या अंगावर काटा आला. नाम तुटले... तुटलेच...

तोवर महाराजांनी रांजण देवळाच्या दारात आणून ठेवला होता. त्यांनी झाकण काढले.

रांजणातून आवाज आला: "राऽर्र्ऽमकृ..." गंजलेली फाटके एकदम उघडावीत तसा! चिंचेवरचे झाडून सगळे कावळे उडाले. समईच्या दोन वाती विझल्या. मिटल्या गळ्यानेही बुवा फसकन हसले.

"हा पहिला दिवस," महाराज म्हणाले.

लिंबाजी शरमेने वीणेमागे तोंड लपवू लागला. महाराज म्हणाले, "लाजतोस काय? ऐक. तुझंच आहे. रोज झाकण लावून कोण जात होतं?"

रांजण गात राहिला. सव्वादोन वर्षांच्या पहाटा एकामागून एक बाहेर येऊ लागल्या. फाटकाची करकर गेली आणि घोगरा सूर आला. घोगऱ्यातून जाडाभरडा, जाड्याभरड्यातून थरथरता. मग तो थरथरता सूर एका पहाटे अचानक स्थिर उभा राहिला, आणि त्यावर गर्दीतली एक म्हातारी न राहवून म्हणाली, "बसला गं बाई!" पुढे तो सूर विहिरीतून वर येणाऱ्या बादलीसारखा न हिंदकळता वर चढला. उडालेले कावळे चिंचेवर परत आले. त्यांच्यामागून साळुंक्या आल्या, पोपट आले, चिमण्यांचे थवे आले. अंगणात प्रसादाची पाने वाढून तयार होती. पाखरे पानांशेजारी रांगेत बसली आणि एकानेही शिताला चोच लावली नाही. ज्या माणसाने त्यांना जन्मभर हाकलले, त्याच्याकडे ती माना वाकड्या करून पाहत होती.

आणि लिंबाजी ऐकत होता. आपण एवढे चालून आलो, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होते. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेवटी रांजणातून त्याच दिवशीच्या पहाटेचा सूर आला, आणि लिंबाजीने त्यातच आपला सूर मिळवला. दोन्ही आवाजांमध्ये सुईही शिरली नसती. मग रांजण रिता होऊन गप्प झाला, आणि लिंबाजी एकटा गात राहिला.

गिरजा पुन्हा एकदा शिंकली. लिंबाजीने तिच्याकडे पाहिले, आणि नाम घेतच तो हसला. गाणे थांबले नाही.

पहारा संपला. नाम तुटले नव्हते. काल्याचा गजर झाला तेव्हा गिरजेने पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितले, "आजपासनं मी मोकळेपणी शिंकणार बाई!"

गर्दी पांगायच्या आत श्रीपतबुवा चिंचेखाली आले. मफलर त्यांनी केव्हाच काढला होता. त्यांच्या मुठीत ती सुपारी अजून तशीच होती. त्यांनी ती लिंबाजीला दाखवली, सगळ्या गावासमोर स्वतःच्या गालात ठेवली आणि महाराजांपुढे हात जोडून उभे राहिले. घोगऱ्या कुजबुजीत ते म्हणाले, "महाराज, माझं चुकलं. माझा गळा परत येईल का?"

महाराज म्हणाले, "गळा चार दिवसांत येईल. गाणं कधी येईल ते लिंबाजीला विचारा."

बुवांनी लिंबाजीकडे पाहिले. लिंबाजी एकदम संकोचला. पुन्हा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाला, "बुवा, उद्या पहाटे या. येताना वरवंटा आणा."

बुवा आले. महाराजांनी रांजणावरचे झाकण काढून बाजूला ठेवले. रांजण ठेंगणा होता आणि बुवा उंच होते. ताठ उभे राहून त्यात गायची सोयच नव्हती. क्षणभर ते घुटमळले, मग दोन्ही गुडघे मातीत टेकवून त्यांनी मान खाली वाकवली, लिंबाजीच्या पायांच्या बरोबर समोर, आणि 'सा' लावला.

चिंचेवरचे कावळे उडाले. महाराज म्हणाले, "हा पहिला दिवस."