पाळण्यातला वाल

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट अगदी खरी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, माझा जन्म तेव्हा व्हायचा होता; पण कुणी ना कुणी पाहिली असणारच.

एका गावात दोन आळ्या होत्या, वरची नि खालची. दर साली गाव मडक्यात दाणे टाकून कारभारी निवडायचं. वरच्या आळीच्या माणसासाठी वाल, खालच्या आळीसाठी चवळी. मूल जन्मलं की बाप आपल्या आळीचा दाणा पाळण्याला बांधायचा. झालं, जन्माचं मत ठरलं.

वरच्या आळीतल्या तुळजाच्या पाळण्याला वाल होता. "चवळीवाले आपला बांध फोडून पाणी नेतात," हे तिनं बाबांच्या खांद्यावर बसून ऐकलेलं. खांद्यावरून ऐकलेलं खोटं कसं असेल?

एका साली बांध फारच गळू लागला. वरची भातं पिवळी पडली. वरच्या आळीच्या उमेदवारानं पहारा बसवला, तरी पाणी जातच राहिलं. तुळजा स्वतः बघायला गेली, तर खालच्या आळीची उमेदवार भागाआत्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसलेली.

"ये गं," म्हणत तिनं बिळातून जाडजूड खेकडा ओढून काढला. "हा तुमचा चोर. विचार त्याला, कुठल्या आळीचा."

"आणि पहारा?"

"तो काय बिळात शिरणार आहे? बिळं बुजवायला दोन्ही आळ्यांचे हात हवेत. मी आले तर सगळ्यांना चिखलात उतरवीन."

निवडीच्या दिवशी बाबांचे गुडघे धरले होते. त्यांनी आपला वाल तुळजाच्या हाती दिला.

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, तुमचा वाल टाकला. माझी मात्र चवळी."

"पाळण्यातला दाणा विसरलीस?"

"नाही. पण त्या पाळण्यात मी आता मावत नाही, बाबा."

भागाआत्या एका दाण्यानं निवडून आली. बिळं बुजली, भातं तगली. बाबा दोन दिवस रुसले. मग म्हणाले, "माझा वाल गेला म्हणून बरं, नाहीतर दोन दाण्यांनी आली असती." पुढे नातीच्या पाळण्याला त्यांनी नुसताच दोरा बांधला.

तात्पर्य: वडलांची माया जन्मभर जपावी, पण त्यांचं मत एकदा बांधावर जाऊन तपासून घ्यावं.

आता कबूल करतो, ते दोन दिवस तेवढे माझ्या पदरचे: बाबा खरं तर सात वर्षं रुसले होते. आणि त्या सातही वर्षी त्यांचा वाल मडक्यात टाकायला तुळजाच गेली.